एकटा माणूस डोंगरात शिरला की जनावराला काय कळतं

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांत मी बरीच वर्षं आहे. पुढे-मागे हजारो माणसं, "आई राजा उदो उदो"चा गजर, वाटेत चहा-दुधाची सोय. तुळजापूरचा घाट लागतो तेव्हा रात्र बरीच झालेली असते, पण साप, रानडुक्कर, बिबट्या यातलं काही कुणाच्या मनात येत नाही. यायचं कारणही नाही. एवढा गलका ऐकून प्रत्येक जनावर कधीच लांब सरकलेलं असतं.

त्याच बालाघाटाच्या डोंगररांगेत, येडशी-रामलिंगच्या बाजूला, जानेवारीतल्या एका सकाळी मी एकटाच चालत होतो. कानात इअरफोन होते. पायवाट ओढ्यात उतरत होती आणि वळण घेतलं तर झुडपाच्या आडोशाला, दहाएक पावलांवर, रानडुकरीण उभी. तिच्यामागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. तिच्या मानेवरचे केस ताठ झाले, नाकातून जोरात फुत्कार आला आणि ती दोन पावलं माझ्याकडे आली. मी जागच्या जागी थिजलो. मग तोंड तिच्याकडेच ठेवून मागे सरकत गेलो. ती थांबली, पिल्लं जाळीत गेली, मग तीही गेली. पुढची दहा मिनिटं मी एका खडकावर बसून होतो, पाय लटलटत होते.

त्या दिवसापासून मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ती तिथे होती यात तिचं काही चुकलं नव्हतं, ती तिथेच राहते. चुकलं ते हे, की तिला पत्ता न लागता मी दहा पावलांवर जाऊन पोचलो होतो. घोळक्यात असतो तर शंभर पावलं आधी तिला आमची चाहूल लागली असती.

प्राणिशास्त्रात याचं सोपं स्पष्टीकरण आहे. हायनी हेडिगर नावाचे स्विस शास्त्रज्ञ झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते. त्यांनी मांडलं, की प्रत्येक प्राण्याभोवती दोन वर्तुळं असतात, आपल्याला न दिसणारी. बाहेरच्या वर्तुळात कुणी शिरलं की प्राणी निघून जातो. आतल्या वर्तुळात कुणी अचानक उगवलं आणि निघून जायला वेळ किंवा वाट उरली नाही, तर तो अंगावर येतो. बाहेरच्याला पळ काढायचं अंतर म्हणू, आतल्याला अंगावर यायचं अंतर.

पहिलं वर्तुळ डोळ्यांनी पाहायचं असेल तर सोलापूरजवळच्या नान्नजला जा. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते हेच. माळढोक आता दिसणं नशिबाची गोष्ट झाली आहे, काळवीट मात्र दिसतात. गाडीत बसून राहिलात तर कळप बऱ्यापैकी जवळ येऊ देतो. गाडीतून उतरून चालायला लागा, एकेक मान वर होते आणि सगळा कळप उड्या मारत लांब जातो. जिथून मान वर होते, तिथे त्यांच्या वर्तुळाची कड आहे असं समजा.

ही वर्तुळं कायम एकाच मापाची नसतात. पिल्लं सोबत असली, शिकार खात बसलं असलं, जखमी असलं किंवा मागे कडा आणि पुढे आपण अशी कोंडी झाली, तर आतलं वर्तुळ मोठं होतं. माणसांच्या सवयीचं झालं, की बाहेरचं लहान होतं. सिंहगडावरच्या माकडांना ते उरलेलंच नाही, म्हणून ती थेट पिशवीला हात घालतात.

एकट्या माणसाची अडचण इथेच आहे. तो गप्प चालतो, पावलांचा आवाज कमी, गप्पा नाहीत. त्यामुळे बाहेरचं वर्तुळ तो कुणाला न कळता पार करतो आणि एकदम आतल्यात उभा राहतो. दुसरी अडचण तुम्हाला माहीतच आहे: काही झालं तर धावत जाऊन माणसं आणायला कुणी नसतं. एकट्याने डोंगरात जायचं तर घोळक्याची ही दोन्ही कामं आपल्यालाच करावी लागतात. आपली चाहूल द्यायची आणि मदतीची तजवीज निघण्याआधीच करून ठेवायची.

चाहूल द्यायची म्हणजे स्पीकरवर गाणी लावायची नाहीत. त्या आवाजात आपल्यालाच काही ऐकू येत नाही आणि जंगलालाही त्रास होतो. इअरफोन मात्र पिशवीत टाका, याबाबत मी आता हट्टी आहे. कान हाच एकट्याचा सोबती. झाडीतला फुत्कार, वानराची खाकर, पाखरांचा अचानक उठलेला कालवा या सगळ्या आगाऊ सूचना असतात. वाट मोकळी असेल तिथे गप्प चाललात तरी चालतं. पण वळण, गच्च जाळी, उंच गवत, ओढ्याचा खळखळाट किंवा समोरून येणारा वारा असेल, तिथे मोठ्याने बोला, काठी दगडावर आपटा. मी अभंग म्हणतो. समोरून वारा असला की आपला वास मागे जातो, पुढच्या जनावराला तो लागत नाही. अशा वेळी आवाज जास्त हवा.

आता बिबट्या, कारण पहिला प्रश्न त्याचाच येतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात ही भीती उगाच नाही. बीड, नगर आणि करमाळा भागात माणसांचे बळी घेणाऱ्या बिबट्याला डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यातच गोळी घालावी लागली. नंतर डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो आला होता आणि बार्शी तालुक्यातही फिरला. तेव्हा "आपल्याकडे कुठे आलंय असलं काही" असं म्हणण्यात अर्थ नाही. बिबट्याला आपला उसाचा पट्टा घरासारखा झाला आहे. उसात त्याची पिल्लंही होतात आणि तोडणी सुरू झाली की त्याचा आडोसा सरकतो. डोंगराच्या पायथ्याला ऊस असेल तर त्या बांधावरून पहाटे किंवा दिवस मावळल्यावर एकट्याने जाऊ नका. दिवसाची फिरस्ती असेल तर उजेडातच पायथा गाठायचा, एवढं पाळलं तरी बिबट्याशी गाठ पडण्याची शक्यता फार कमी होते.

तरीही समोर आलाच, तर पळायचं नाही. पळणारी वस्तू मांजरकुळातल्या प्राण्याला ओढून घेते, घरचं मांजर दोरीमागे धावतं तसंच. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. उभा माणूस त्याच्या ओळखीच्या भक्ष्यासारखा दिसत नाही, बसलेला किंवा वाकलेला दिसतो. हात वर करा, पिशवी डोक्यावर धरा, खणखणीत आवाजात बोला, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. पिल्लू दिसलं तर उचलायचं नाही, फोटोला थांबायचं नाही, आलात त्या वाटेने परत फिरा. आई जवळपासच असते.

कुत्र्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नेमकी उलटी आहे आणि ती माहीत असायला हवी. माळावर, डोंगराच्या उतारावर धनगरांचे वाडे उतरलेले असतात. त्यांची कुत्री लांडग्यापासून मेंढरं राखायला असतात आणि ते काम ती मनापासून करतात. एकटा अनोळखी माणूस कळपाच्या दिशेने आला की ती धावून येणारच. कळपाच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घाला आणि लांबूनच हाक द्या, "ओ मामा, कुत्रं आवरा!" मामा आवरतात, नेहमी आवरतात. तोवर जागेवर उभं राहायचं. पळालात तर पोटरी गेलीच. आपल्याकडच्या कुत्र्यांना माणूस वाकला की दगड येतो हे ठाऊक असतं, म्हणून नुसतं दगड उचलायला वाकल्यासारखं केलं तरी बहुतेक कुत्री थबकतात. कुत्र्यापुढे वाकलात तर चालतं, बिबट्यापुढे मात्र कधीच वाकू नका.

चावलंच तर पाणी आणि साबण. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप लांब असतात. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस. जखम खोल असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते विचारून घ्या. माकडाचा ओरखडा, कोल्ह्याचा किंवा लांडग्याचा चावा यांनाही हाच नियम. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, लस वेळेवर घेतली तर जवळजवळ नेहमी वाचतो. म्हणून माझ्या पिशवीत साबणाची छोटी वडी कायम असते. लांडगा स्वतः मात्र माणसापासून लांबच राहतो. नान्नजच्या माळावर तो दिसला तर नशीब समजा आणि उभ्याने बघत राहा.

माझ्या मते दिवसाढवळ्या डोंगर चढणाऱ्याला खरा धोका आहे तो मधमाश्यांचा, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पुण्याला उतरून राजगड, तोरणा, सिंहगड करणारी बरीच मुलं आपल्याकडे आहेत. त्या किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. काळपट, अर्धगोल, हातभर रुंदीचं किंवा त्याहून मोठं एकच पोळं, उघड्यावर. या माश्या पोळ्यापासून लांबवर पाठलाग करतात. एक माशी डंख मारते तेव्हा डंखाबरोबर एक वास सुटतो, साधारण पिकल्या केळ्यासारखा. तो वास म्हणजे बाकीच्या माश्यांना हाक असते, "इथे मारा." त्यामुळे एकाचे दहा आणि दहाचे शंभर डंख व्हायला वेळ लागत नाही. आपण हाताने माश्या चिरडतो तेव्हा तोच वास आणखी पसरतो.

त्या चवताळतात कशाने? धुराने, दगड मारल्याने, उग्र अत्तराने, आणि कधी कधी आपली काही चूक नसताना मोहोळघारीने पोळ्यावर झडप घातल्याने. म्हणून कड्याखालून जाताना वर बघायची सवय लावा. पोळं दिसलं तर अत्तर-डिओ मारलेला माणूस आधीच चुकलेला असतो, निदान विडी-सिगारेट पेटवू नका, आरोळ्या ठोकू नका, थांबू नका. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गडद रंग आणि केस यांच्यावर त्या जास्त येतात.

हल्ला झालाच तर सदरा, ओढणी, उपरणं, जे असेल ते डोक्यावर ओढून तोंड झाका आणि त्या जागेपासून लांब जा, थांबू नका. हात झटकत बसू नका. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात आणि श्वास घ्यायला डोकं वर काढावंच लागतं. गाडी, खोली, मंदिराचा गाभारा, दार लावता येईल असं काही असेल तर उत्तम. नसेल तर गच्च झाडी. अरुंद धारेवर असाल तर मात्र आंधळेपणाने धावायचं नाही. तिथे पडून मरण्याचा धोका डंखापेक्षा मोठा आहे. तोंड झाकून, खालची वाट बघत, भरभर चालत राहा. लांब आल्यावर डंख नखाने, कार्डाने, जसे निघतील तसे लगेच काढा. काट्याला चिकटलेली विषाची पिशवी पुढची काही क्षणं विष ढकलत असते, म्हणून पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची. बरेच डंख बसले असतील, किंवा एकाच डंखाने ओठ-जीभ सुजायला लागली, घसा दाटला, अंगभर गांधी उठल्या, गरगरलं, तर हे साधं दुखणं नाही. १०८ ला फोन करायचा आणि जवळच्या कुणालाही हाक मारायची. ज्यांना आधी अशी ॲलर्जी झाली आहे त्यांनी कड्याकपारीत एकट्याने जाऊ नये, हे मला अगदी स्पष्ट सांगावंसं वाटतं.

सापाबद्दल आधी एक आकडा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांतले, आणि जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबरमधले. म्हणजे आपण हौसेने ज्या पावसाळ्यात डोंगर चढतो, तेच सापांचे दिवस.

काठी आपटत चाललं की साप निघून जातो हे अर्धंच खरं. नाग, धामण यांना जमिनीतली थरथर कळते आणि ते सरकतात. घोणस आणि फुरसं मात्र दबा धरून बसणारे साप. त्यांचा सगळा भरवसा अंगावरच्या रंगावर असतो. ते हलत नाहीत. पाचोळ्यात घोणस आणि खडकाळ माळावर फुरसं हातभर अंतरावरूनही दिसत नाही. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते, फुरसं अंगाचे वळसे एकमेकांवर घासून चरचर आवाज काढतं. हेही त्यांचं वर्तुळ सांगणंच आहे. ऐकू आलं की जागीच थांबा, साप कुठे आहे ते आधी डोळ्यांनी शोधा, मगच उलट पावली मागे या. घोटा झाकणारे बूट आणि सैल पँट घाला. दिसत नाही तिथे हात-पाय घालू नका. दगडाच्या खाचेत, ओंडक्यापलीकडे, बुरुजाच्या भोकात हात घालून चढणं तर नकोच. ओंडका ओलांडायचा असेल तर आधी त्याच्यावर पाय ठेवा, पलीकडे बघा, मग उतरा. सह्याद्रीत पावसाळ्यात हाताच्या उंचीच्या फांदीवर हिरवा चापडा साप बसलेला असतो, तेव्हा फांदी धरण्याआधी ती बघा.

पान लागलंच, म्हणजे साप चावलाच, तर काय? अंगठी, घड्याळ, कडं लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फांदीच्या आधाराने ओढणीने सैलसर बांधून हलू देऊ नका. आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायच्या नाहीत, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. साप मारायच्या किंवा धरायच्या नादी लागू नका. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच असतं. चापड्यावर ते चालत नाही, पण म्हणून दवाखाना टाळायचा नाही. नेटवर्क असेल तर १०८ लावा आणि बसून राहा. नसेल तर न धावता, थांबत थांबत, माणसं असतील त्या दिशेने चला. चावल्याची वेळ हातावर पेनाने लिहून ठेवा. पापण्या जड झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, पोटात कळ आली, तर डॉक्टरांना तेही सांगा.

बूट काढून ठेवले असतील तर घालण्याआधी झटका, विंचवासाठी. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो आणि पूर्वी त्यात खूप मुलं जायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध यात वापरून दाखवलं आणि मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं. त्यामुळे विंचू चावून घाम फुटला, हातपाय गार पडले, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठायचा. तिथे उपाय आहे.

कोयना, चांदोलीच्या बाजूला गेलात तर गवा आणि अस्वल हे दोन पाहुणे आपल्याला नवीन असतात. गवा शांत दिसतो, तरी त्याचं वजन आठशे-हजार किलोपर्यंत जातं. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये एक गवा भरकटत आला होता. माणसांची गर्दी मागे लागली, तो घाबरून सैरावैरा धावला आणि शेवटी जीव गमावून बसला. मला ते अजूनही सलतं. वाटेवर गवा असेल तर थांबा, तो जाईल. अर्धा तास गेला तर गेला. अस्वलाची नजर अधू असते आणि ते वाळवीच्या वारुळात नाक खुपसून बसलेलं असलं की त्याला भान नसतं. अचानक दचकलं तर तोंडावरच येतं. तिथे फक्त आधी केलेला आवाज कामाचा.

माकडांना कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा वास दुरून लागतो. डबा उघड्यावर खोलू नका, हसून दात दाखवू नका, ओढलीच पिशवी तर सोडून द्या.

मदतीच्या तजविजीत मी काय करतो तेवढं सांगतो. निघायच्या आदल्या रात्री एका कागदावर लिहितो: कोणती वाट, कुठून चढणार, कुठून उतरणार, पायथ्याच्या गावाचं नाव, किती वाजता फोन करणार. खाली तीन नंबर: वन विभागाची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. गळ्यात शिट्टी असते, कारण ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो आणि शिट्टी तासभर वाजवता येते. पायथ्याच्या गावात टपरीवर चहा घेताना मुद्दाम विचारतो, "वर काही दिसलंय का अलीकडे?" गुराख्याला जे माहीत असतं ते कुठल्याही नकाशात नसतं. आणि जाताना सांगून जातो, की चारपर्यंत परत इथेच चहाला येतो. एकदा मला पावणेपाच झाले. उतरलो तेव्हा टपरीवाले काका दोन पोरांना बॅटरी घेऊन वाटेला लावायच्या तयारीत होते.

तो कागद घरी फ्रिजवर चिकटवलेला असतो. त्यावर आईने स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे: "सहा वाजेपर्यंत फोन नाही आला तर मी १९२६ लावणार."